दाढीला साबण की क्रीम? आधी नळाचं पाणी बघा

साबण घ्यावा की क्रीम, हे बहुतेक जण वासावर आणि किमतीवर ठरवतात. पण निम्मा निकाल पाणीच लावतं.

दोन्हींचा गाभा एकच: स्टिअरिक आम्ल आणि अल्कली मिळून झालेला साबण. क्रीममध्ये मुख्यतः पोटॅशियमचा साबण आणि भरपूर पाणी असतं, म्हणून ती ट्यूबमधून पिळता येते. वडीत बहुधा सोडियमचा साबणही असतो आणि पाणी फार कमी, म्हणून ती टणक. ‘क्रीम सौम्य, साबण कडक’ हे सरसकट खरं नाही. फेस होणारे दोन्ही प्रकार अल्कधर्मीच असतात. अंघोळीचा साबण मात्र दाढीला वापरू नये. त्याचा फेस दिसायला भरघोस असतो, पण लगेच बसतो आणि पात्याखाली काही उरत नाही.

आता पाणी. बोअरवेलच्या किंवा टँकरच्या जड पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाशी संयोग पावून न विरघळणारा साका तयार करतं. जेवढा साबण साक्यात गेला, तेवढा फेसातून वजा. घरच्या घरी तपासायचं तर दोन स्वच्छ बाटल्यांत अर्धा-अर्धा कप पाणी घ्यावं, एकीत नळाचं, दुसरीत आरओ फिल्टरचं. दोन्हींत साबणाचा चिमूटभर सारखाच किस टाकून जोरात हलवावं. नळाच्या बाटलीत फेस कमी आणि पाणी दुधाळ, कणीदार झालं, तर पाणी जड आहे. उकळून थोडा फरक पडतो, सगळं जडपण जात नाही.

अशा घरात क्रीम सोयीची. जड पाणी तिलाही सोडत नाही, पण बोटभर जास्त घेतली की भागतं. वडीच वापरायची हौस असेल तर ब्रश भिजवायला आणि फेस करायला कपभर फिल्टरचं पाणी पुरतं. चेहरा खुशाल नळाच्या पाण्याने धुवावा. मुंबईसारखं तलावाचं मऊ पाणी असेल तर वडीला काहीच अडचण नाही.

वडीचा फेस काढताना घाई चालत नाही. डुकराच्या केसांचा ब्रश कोमट पाण्यात तीन-चार मिनिटं भिजवावा. सिंथेटिक नुसता ओला केला तरी पुरे. ब्रश दोन-तीनदा झटकून वडीवर 20 ते 30 सेकंद गोल फिरवावा. केसांच्या टोकांवर घट्ट, मलमासारखा थर दिसला की थांबायचं. वरवर बुडबुडे दिसत असतील तर ब्रशमध्ये पाणी जास्त राहिलंय. मग वाटीत किंवा थेट ओल्या गालावर घोळवत, दर वेळी पाच-सहा थेंबच पाणी घालत जावं.

क्रीमला हे सगळं लागत नाही. बदामाएवढी क्रीम वाटीत किंवा ब्रशच्या मधोमध घ्यायची आणि मिनिटभर घोटायची. ट्यूबवर ‘ब्रशलेस’ लिहिलेलं असेल तर ब्रश बाजूला ठेवा. ती फेसासाठी बनवलेलीच नसते, कितीही घोटली तरी फेस येत नाही.

फेस जमला की नाही हे जाडीवर ठरवू नका. कोरडा फेस जाड दिसतो, पण त्याला तकाकी नसते, गालावर कडक बसतो आणि रेझर अडकत चालतो. पाणी जास्त झालेला फेस मोठ्या बुडबुड्यांचा होऊन हनुवटीवरून ओघळतो. हवा तो चकचकीत, बुडबुडे न दिसणारा, घट्ट दह्यासारखा. बोटांत चोळला तर बुळबुळीत लागला पाहिजे. खरचटण्याचा दोष लोक पात्याला देतात. बऱ्याचदा फेसात पाणीच कमी पडलेलं असतं. वडीत ही चूक जास्त होते, कारण तिला वाटतं त्याहून बरंच पाणी लागतं.

सकाळी आठची लोकल गाठायची असेल किंवा सतत प्रवास असेल तर क्रीम घ्यावी. रोज दोन मिनिटं जास्त देता येत असतील तर वडी परवडते: एका दाढीला साधारण एक ग्रॅम धरला तर 100 ग्रॅमची वडी रोज दाढी करूनही तीन महिने जाते. फक्त ओल्या वडीवर लगेच झाकण लावू नये. पावसाळ्यात तर ती पुरती सुकेपर्यंत उघडीच ठेवावी, आणि ब्रश झटकून केस खाली येतील असा टांगावा.