मुंबईतल्या जुन्या इमारती बघायच्यात? आधी ऊन कुठे आहे ते बघा

थंडी पडली की ओळखीतलं कोणीतरी विचारतंच, की मुंबईतलं हेरिटेज बघायचंय, एका दिवसात काय काय होईल. आणि हातात लिस्ट तयार असते, गेटवे, म्युझियम, सीएसएमटी, राजाबाई टॉवर, बाणगंगा, वर कान्हेरी पण. प्लीज असं करू नका. अशा दिवसातून फक्त ट्रॅफिक आठवतो. एका दिवसाला एकच पट्टा घ्या, जो पायी होईल, आणि त्यात चार-पाच इमारती नीट बघा, समोरच्या फुटपाथवरून मान वर करून, दहा-दहा मिनिटं. पहिल्यांदा जाणार असाल तर मी सीएसएमटी ते ओव्हल मैदान हाच पट्टा सांगेन, अंतर दीड-दोन किलोमीटरचं असेल पण बघायला अर्धा दिवस पुरत नाही.

आता उन्हाचं. हे कोणी सांगत नाही आणि यानेच सगळा फरक पडतो. ओव्हलच्या मधोमध जी पायवाट आहे ना तिच्यावर उभे राहा. एका बाजूला, पूर्वेला, हायकोर्ट आणि युनिव्हर्सिटी, सगळं दगडी, टोकदार कमानींचं, १८७० च्या दशकातलं. दुसऱ्या बाजूला, पश्चिमेला, १९३० च्या दशकातल्या आर्ट डेको बिल्डिंगा, गोलाई घेतलेल्या बाल्कन्या, खिडक्यांवर लांबच लांब छज्जे, फिकट पिवळे-गुलाबी रंग. मध्ये फक्त मैदान आणि क्रिकेट. दोन्ही बाजूंना मिळून २०१८ मध्ये युनेस्कोचा जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, आणि तो मिळून दिलाय हेच मला फार बरोबर वाटतं कारण एका मैदानाच्या दोन काठांवर साठेक वर्षांच्या अंतराने बांधलेली दोन शहरं समोरासमोर बसलीयत.

तर सकाळी गेलात तर ऊन आर्ट डेकोवर पडतं, छज्ज्यांच्या सावल्या भिंतीवर उतरतात, गेटच्या जाळीतली नक्षी, बिल्डिंगच्या नावाची अक्षरं सगळं उठून दिसतं. पण तेव्हा युनिव्हर्सिटीच्या राजाबाई टॉवरकडे, म्हणजे घड्याळाच्या मनोऱ्याकडे बघाल तर सूर्य त्याच्या मागे, फोटोत नुसता काळा सुळका येतो. चार वाजता या, हिवाळ्यात साडेतीनलाच या, मग उलटं होतं. ऊन सरळ दगडावर येतं आणि तो दगड मधासारखा दिसायला लागतो. सीएसएमटीचं तोंडही पश्चिमेलाच, म्हणजे तीही दुपारनंतर. गेटवे आणि जुना ताज समुद्राकडे म्हणजे पूर्वेकडे बघतात, त्यामुळे ते सकाळी लवकर. एवढं लक्षात ठेवलंत तरी अर्धं काम झालं.

दुसरं म्हणजे वार. रविवारी फोर्ट रिकामा असतो, रस्ता ओलांडताना जीव मुठीत धरावा लागत नाही, बाहेरून बघायला याच्यासारखा दिवस नाही. पण रविवारी ऑफिसं, कोर्ट बंद, त्यामुळे आत जायचं असेल तर कामाचाच दिवस लागतो. सीएसएमटीच्या आतलं म्युझियम आणि तो घुमटाखालचा जिना बघायचा असेल तर आठवड्यातल्या दिवशी दुपारी तिकीट काढून जाता येतं, जाण्याआधी वेळ तेवढी विचारून घ्या. सोमवारी कान्हेरी आणि घारापुरीची लेणी बंद, बुधवारी भायखळ्याचं भाऊ दाजी लाड म्युझियम बंद. आणि रविवारी निघणार असाल तर मेगा ब्लॉक, म्हणजे दुरुस्तीसाठी लोकल बंद, आहे का ते आदल्या रात्री बघाच, सेंट्रलवाले तर नक्कीच. आता मेट्रो ३ ने थेट हुतात्मा चौकाला उतरता येतं, त्यामुळे अंधेरी-सांताक्रूझकडच्यांना बरं झालंय.

सीएसएमटीपासून सुरुवात केलीत तर स्टेशनातून बाहेर पडून सबवेने समोर जा, महापालिकेच्या बाजूच्या फुटपाथवर. जवळून काहीच दिसत नाही, समोरूनच दिसतं. इमारत फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्सची, काम १८७८ ला सुरू होऊन दहा वर्षं चाललं, आणि महापालिकेची इमारतही त्याचीच, १८९३ ची, म्हणजे एकाच माणसाच्या दोन इमारतींच्या मध्ये तुम्ही उभे असता. आता सगळ्यात वर बघा, घुमटावर एक बाई उभी आहे, एका हातात मशाल, दुसऱ्या हातात चाक. ती 'प्रगती'. मग हळूहळू नजर खाली आणा. मधल्या भागात दगडात कोरलेले चेहरे आहेत, त्यात आपले नाना शंकरशेट आणि सर जमशेटजी जीजीभॉय आहेत, ज्या रेल्वेची पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला गेली ती उभी करण्यात या दोघांचा हात होता. मग गेटच्या खांबांवर या, एकावर सिंह आणि एकावर वाघ. सिंह इंग्लंडचा, वाघ आपला. पानं, पक्षी, माकडं अशी बरीच कोरीव कामं जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांनी केलीयत, आणि हे कळल्यावर मला तरी ती इमारत परकी वाटेनाशी झाली.

मी माझ्या आत्याला तिथे घेऊन गेलो होतो. ती डोंबिवलीची, एकतीस वर्षं फोर्टात नोकरी, रोज सीएसएमटी. त्या फुटपाथवर उभी राहिली आणि वाघ दाखवल्यावर म्हणाली, "अरे, मी याच्याखालून रोज गेलेय, डबा सांभाळत." मग पुढची वीस मिनिटं ती हलली नाही, तिचं तीच शोधत होती, तो मोर बघ, ते माकड बघ. म्हणून सांगतो, घरातल्या ज्या माणसाने आयुष्यभर फोर्टात नोकरी केलीय त्यांना सोबत न्या. त्यांना गल्ल्या माहीत असतात, कुठे बसायला मिळतं ते माहीत असतं, आणि त्यांच्यासोबत बघताना आपल्यालाही जास्त दिसतं.

तिथेच समोर वडापाव खाऊन घ्या आणि डी. एन. रोडच्या कमानींखालून चालायला लागा. ही सावलीची कमानरांग पावसाळ्यातही उपयोगी. हुतात्मा चौकात थांबा. तिथे १८६४ चं फ्लोरा फाउंटन आहे आणि त्याच्या बाजूलाच संयुक्त महाराष्ट्राच्या हुतात्म्यांचं स्मारक, मशाल धरलेले शेतकरी आणि कामगार. बहुतेक गाइड फाउंटनचा फोटो काढून पुढे नेतात. तुम्ही तसं करू नका, स्मारकापाशी दोन मिनिटं उभे राहा, मुंबई महाराष्ट्रात राहावी म्हणून याच रस्त्यांवर लोक गोळ्या खाऊन पडलेत.

इथून डावीकडे गेलात तर हॉर्निमन सर्कल आणि एशियाटिक सोसायटीचा टाऊन हॉल, १८३३ चा, तीस पायऱ्या आणि जाड पांढरे खांब. पायऱ्यांवर बसायला छान. फोर्ट नाव का पडलं तर इथे खरोखरच तटबंदी होती, १८६० च्या दशकात ती पाडली, तेव्हा अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता, आणि मोकळ्या झालेल्या जागेवर या ओव्हलसमोरच्या इमारती उभ्या राहिल्या. राजाबाई टॉवरचा पैसाही त्याच कापसातला, प्रेमचंद रायचंद यांनी दिला आणि आईचं नाव द्यायला लावलं. २८० फूट उंच, १८७८ ला पूर्ण. टॉवरवर चढायला देत नाहीत, त्यामुळे तो हट्ट धरू नका.

दगडाला हात लावून बघा, जिथे परवानगी आहे तिथेच अर्थात. राजाबाईचा दगड कुर्ल्याचा आहे. काळा घोड्याच्या म्युझियमलाही कुर्ल्याचा आणि मालाडचा दगड, गेटवेला मालाडजवळच्या खारोडीचा. आपण कुर्ला म्हटलं की गर्दी म्हणतो, पण हे शहर कुर्ल्यातून खणून काढलंय!

आत जाताना एक गोष्ट पाळा, या इमारती चालू आहेत, कोणी तिथे शिकतंय, कोणी केस लढतंय, कोणी प्रार्थना करतंय. सोबत ओळखपत्र ठेवा, आधारची मूळ प्रत असली तर उत्तम. एका ठिकाणी आम्ही चौघं गळ्यात कॅमेरे अडकवून सरळ आत निघालो तर दारातच अडवलं, महिन्याभराने मी एकटा गेलो, वॉचमनकाकांना नमस्कार केला, म्हटलं काका फक्त जिना बघायचाय, तर त्यांनी स्वतः सोबत येऊन दाखवला आणि रंगीत काचेवर ऊन किती वाजता येतं तेही सांगितलं. मोठा कॅमेरा आणि ट्रायपॉड घरी ठेवा, कोर्टाच्या आत फोटो अजिबात नाही. छोटी दुर्बीण असेल तर मात्र नक्की न्या, चाळीस फुटांवरची नक्षी डोळ्यांनी कळत नाही.

बाकी पट्टे थोडक्यात. गिरगावात खोताची वाडी, लाकडी जिने आणि ओसऱ्या, पण ती लोकांची राहती घरं आहेत, खिडकीतून डोकावून फोटो काढू नका, तिथून वाळकेश्वरला बाणगंगा. कान्हेरीला शंभराहून जास्त लेणी आहेत, बोरिवलीच्या नॅशनल पार्कात, पाणी आणि पूर्ण दिवस ठेवा. घारापुरीच्या बोटी गेटवेवरून, भर पावसात त्या बंद असतात.

आणि सीएसएमटीवरून परत जाणार असाल तर तिकीट मोबाइलवर काढू नका. लोकलच्या बुकिंग हॉलमध्ये जा, छताला निळ्यावर सोनेरी चांदण्या आहेत, खाली रंगीत दगडाचे खांब. आत्या दर महिन्याला पास काढायला तिथेच उभी राहायची आणि तिला फक्त खिडकी आठवत होती. संध्याकाळी रांग लांब असते, नंबर येईपर्यंत वर बघायला दहा मिनिटं आरामात मिळतात.