डोक्यावरचा दिवा बंद केला

फोर्टमधल्या माझ्या वकिलीच्या खोलीत टेबलाच्या बरोबर वर ६५०० केल्व्हिनचा, म्हणजे निळसर पांढऱ्या उजेडाचा एलईडी पॅनल होता. समोर बसलेल्या अशिलाच्या डोळ्यांखाली अशी काळी सावली पडायची, की बिचारा चार रात्री जागलाय असं वाटे. लॅपटॉपवर पॅनलचा पांढरा चौकोन चमकायचा तो वेगळाच. इलेक्ट्रिशियन म्हणाला, "साहेब, अजून एक लावू?"

नको म्हटलं. पॅनल बंद केला आणि ४००० केल्व्हिनचे, म्हणजे कमी निळसर उजेडाचे दोन दिवे भिंतीकडे तोंड करून लावले. पांढऱ्या भिंतीवरून परतलेला उजेड चेहऱ्यावर मऊ पडतो. कागदांसाठी डावीकडे टेबल लॅम्प (मी उजव्या हाताने लिहितो). तिथे मोबाइलच्या ॲपवर उजेड ५०० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) आसपास दिसतो. खिडकी पाठीमागे होती, तिची चमक लॅपटॉपवर यायची, म्हणून टेबल आडवं फिरवलं.

परवा एक जुने अशील म्हणाले, "वकीलसाहेब, तब्येत सुधारली की तुमची!"