आपल्यापुरता व्यायाम आखून घेताना : वैयक्तिक प्रशिक्षकाकडून काय अपेक्षावे

पोलीस भरतीसाठी 1600 मीटर धावण्याचा सराव करणारा 22 वर्षांचा तरुण आणि मधुमेहाच्या गोळ्या घेणारी, गुडघे दुखतात म्हणून जमिनीवर बसणे सोडून दिलेली 52 वर्षांची गृहिणी एकाच जिममध्ये येतात, आणि पुष्कळदा दोघांच्याही हाती व्यायामाचा एकच तक्ता दिला जातो. वैयक्तिक प्रशिक्षणासाठी आपण वेगळे शुल्क मोजणार असाल, तर आपला तक्ता इतरांहून कोठे व का निराळा आहे, हे प्रशिक्षकाला सांगता आले पाहिजे.

पहिल्या भेटीला जाताना चालू औषधांची यादी, अलीकडचे तपासणी अहवाल आणि जुन्या दुखापतींची माहिती सोबत न्यावी. आपल्याला मधुमेह, रक्तदाब किंवा हृदयविकार असल्यास सुरुवात करण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावाच. औषधांचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण त्याकडेच सर्वाधिक दुर्लक्ष होते. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्या व्यक्तीची साखर व्यायामाच्या वेळी आणि त्यानंतरही काही तास धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते; केवळ मेटफॉर्मिन घेणाऱ्यास हा धोका फारच कमी असतो. त्यामुळे ‘मला मधुमेह आहे’ एवढे सांगून भागत नाही, गोळीचे नावही सांगावे लागते. रक्तदाबासाठी मेटोप्रोलॉल किंवा अ‍ॅटेनोलॉल चालू असेल, तर हृदयाची गती औषधानेच रोखलेली असते, आणि 220 मधून वय वजा करून काढलेला कमाल हृदयगतीचा आकडा अशा व्यक्तीला लागू पडत नाही. तिने श्रमाचा अंदाज बोलण्यावरून घ्यावा : व्यायाम करताना वाक्य पूर्ण बोलता येते, पण गाणे म्हणता येत नाही, ही मध्यम श्रमाची खूण होय. वजन उचलताना श्वास रोखल्यास रक्तदाब एकदम चढतो, म्हणून उचलताना श्वास सोडण्याची सवय पहिल्याच दिवसापासून लावून घ्यावी. ही चौकशी न करता जो प्रशिक्षक थेट डंबेल हाती देतो, त्याच्याकडे पुन्हा जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्यानंतर आजची क्षमता मोजून घ्यावी. हात छातीशी धरून 30 सेकंदांत खुर्चीवरून किती वेळा पूर्ण उठता येते, एका पायावर किती सेकंद उभे राहता येते, दोन जिने चढल्यावर दम किती लागतो, हे आकडे वहीत तारखेसह लिहावेत. उद्दिष्टही आपल्याच शब्दांत लिहावे. ‘वजन कमी करणे’ यापेक्षा ‘पंगतीत मांडी घालून जेवता येणे’ हे उद्दिष्ट प्रशिक्षकाला अधिक उपयोगी पडते, कारण त्यावरून नितंब, गुडघे आणि घोट्यांचे कोणते व्यायाम हवेत ते ठरवता येते. ज्यांचा गुडघा दुखतो त्यांना स्क्वॉट, म्हणजे गुडघे वाकवून खाली बसून उठण्याचा व्यायाम, वर्ज्य नसतो. उंच खुर्चीवर बसून उठण्यापासून आरंभ करावा आणि दुखणे वाढत नाही असे पाहून आसनाची उंची कमी करीत जावे.

उचलायचे वजन केव्हा वाढवायचे, याचाही नियम आधी ठरवून घ्यावा. शेवटच्या सेटमध्ये, म्हणजे आवर्तनांच्या शेवटच्या फेरीत, ठरलेल्या संख्येहून दोन आवर्तने अधिक, तीही ढब न बिघडता, व्यायामाच्या लागोपाठच्या दोन सत्रांत जमली, तर वजन थोडे वाढवावे, ही रीत नवशिक्यांना सोयीची आहे.

आठवड्यास किमान 150 मिनिटे मध्यम श्रम आणि दोन दिवस स्नायूंना बळ देणारे व्यायाम, अशी जागतिक आरोग्य संघटनेची प्रौढांसाठी शिफारस आहे. रात्रपाळी करणाऱ्याने किंवा पहाटे डबे करून नोकरीस जाणाऱ्या स्त्रीने ती वेळ दहा-दहा मिनिटांत विभागली तरी चालते, आणि प्रशिक्षकाने तशी विभागणी करून दिली पाहिजे. औषध बदलण्याचा सल्ला मात्र त्याच्याकडून घेऊ नये. छातीत दुखले किंवा चक्कर आली, तर व्यायाम तत्काळ थांबवून वैद्यकीय मदत घ्यावी.

सहा आठवड्यांनी पहिल्या दिवशीच्याच चाचण्या त्याच खुर्चीवर, त्याच वेळी पुन्हा कराव्यात. आकडे हलले नसतील आणि तक्ताही जसाच्या तसा असेल, तर पुढील महिन्याचे शुल्क भरण्यापूर्वी त्याचे कारण विचारावे.