वेबसाइट खऱ्या फोनवर कशी तपासायची: केबल, क्रोम आणि पोर्ट फॉरवर्डिंग

लॅपटॉपवरच्या क्रोममधला मोबाइल व्ह्यू साइटला फोनची रुंदी देतो, फोन देत नाही. कीबोर्ड वर आला की खालचं बटण कुठे जातं, हे तिथे कळतच नाही. त्यासाठी अँड्रॉइड फोन केबलने जोडून साइट थेट त्यावर तपासावी.

फोनच्या सेटिंग्जमध्ये ‘अबाउट फोन’ उघडून ‘बिल्ड नंबर’वर सात वेळा टॅप करा. सॅमसंगमध्ये हा नंबर ‘सॉफ्टवेअर इन्फर्मेशन’च्या आत असतो, शाओमीत त्याऐवजी ओएस किंवा एमआययूआय व्हर्जनवर टॅप करावं लागतं. मग ‘डेव्हलपर ऑप्शन्स’ दिसू लागतील, त्यात ‘यूएसबी डीबगिंग’ चालू करा.

आता केबल लावा, फोन अनलॉक ठेवा आणि त्यावर क्रोम उघडा. लॅपटॉपच्या क्रोममध्ये अ‍ॅड्रेस बारमध्ये ‘क्रोम’, कोलन, दोन स्लॅश आणि ‘इन्स्पेक्ट’ असं इंग्रजीत टाइप करा. ‘डिस्कव्हर यूएसबी डिव्हाइसेस’वर टिक हवी. फोनवर परवानगीचा प्रश्न येईल, तो मान्य केला की फोनचं नाव आणि उघडे टॅब यादीत येतात. हव्या त्या टॅबखालच्या ‘इन्स्पेक्ट’वर क्लिक करा, म्हणजे ते पान तपासायची टूल्स लॅपटॉपवर वेगळ्या खिडकीत उघडतात.

फोन यादीत आलाच नाही, तर आधी केबल बदला. बऱ्याच केबल फक्त चार्जिंगच्या असतात, त्यांतून डेटा जात नाही. विंडोजवर फोन कंपनीचा यूएसबी ड्रायव्हरही लागू शकतो. परवानगीचा प्रश्न चुकून नाकारला असेल, तर डेव्हलपर ऑप्शन्समधून जुन्या परवानग्या रद्द करून केबल पुन्हा लावा. इन्स्पेक्टची खिडकी पांढरीच राहिली तर लॅपटॉपचं इंटरनेट तपासा: फोनमधल्या क्रोमच्या आवृत्तीला जुळणारी टूल्स पहिल्यांदा नेटवरून उतरवली जातात. तरीही अडलं, तर ‘इन्स्पेक्ट फॉलबॅक’ वापरा, ते लॅपटॉपच्या क्रोममधलीच टूल्स उघडतं.

साइट अजून लॅपटॉपवरच, समजा ३००० पोर्टवर (लॅपटॉपवरचा सर्व्हर ज्या क्रमांकावर पान देतो तो) चालते आहे. अनेकजण अशा वेळी वायफायचा आयपी पत्ता फोनमध्ये टाकतात. पान उघडतं, पण कॅमेरा, लोकेशन आणि सर्व्हिस वर्कर (साइटची मागे चालणारी स्क्रिप्ट) चालत नाहीत, कारण साध्या एचटीटीपीवरचा आयपी पत्ता ब्राउझर सुरक्षित मानत नाही. लोकलहोस्ट, म्हणजे यंत्राचा स्वतःसाठीचा पत्ता, मात्र मानतो. म्हणून इन्स्पेक्टच्या पानावर ‘पोर्ट फॉरवर्डिंग’ दाबा, पोर्टच्या जागी ३००० आणि पुढच्या चौकटीत लोकलहोस्ट, कोलन, ३००० लिहा, खालची टिक लावा. मग फोनमध्येही लोकलहोस्ट, कोलन, ३००० हाच पत्ता टाकायचा, फोनची मागणी केबलमधून लॅपटॉपकडे जाते.

आता एखादा फॉर्म उघडून शेवटच्या चौकटीत टाइप करा. क्रोम १०८ पासून अँड्रॉइडवर कीबोर्ड आला तरी पानाचा लेआउट आक्रसत नाही, त्यामुळे तळाशी फिक्स केलेलं ‘पुढे’ बटण कीबोर्डमागे दडतं. पानाच्या एचटीएमएलमधल्या व्ह्यूपोर्टच्या मेटा टॅगमध्ये ‘इंटरअ‍ॅक्टिव्ह-विजेट’ची किंमत ‘रिसाइझेस-कंटेंट’ केली की बटण वर येतं. पूर्ण उंचीचं पान अ‍ॅड्रेस बारमुळे खाली कापलं जात असेल, तर सीएसएसमध्ये उंचीला १०० व्हीएचऐवजी १०० डीव्हीएच (त्या क्षणी दिसणाऱ्या भागाची उंची) लिहा; क्रोम १०८ आणि सफारी १५.४ पासून ते चालतं.

मराठी साइट असेल तर मथळे फोनवर जरूर बघा. फोनवरचा देवनागरी फाँट बहुतेक वेळा लॅपटॉपपेक्षा वेगळा असतो. लाइन-हाइट (ओळीची उंची) १.२ असेल आणि ओव्हरफ्लो (चौकटीबाहेर जाणारा भाग) लपवलेला असेल, तर वेलांट्या आणि मात्रा कापल्या जातात, १.५ ते १.६ ठेवा. लेटर-स्पेसिंग (अक्षरांमधलं जादा अंतर) शून्यच हवं, नाहीतर शिरोरेषा तुटते.

आयफोनवरच्या सफारीसाठी मॅक लागतो: फोनमध्ये सफारीच्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ सेटिंगमध्ये ‘वेब इन्स्पेक्टर’ चालू करा, मग मॅकच्या सफारीतल्या ‘डेव्हलप’ मेनूत फोन दिसतो.

काम झालं की यूएसबी डीबगिंग बंद करा. ते चालू असेल तर काही बँकिंग अ‍ॅप उघडत नाहीत.