ऊस वाहतुकीआधी जुन्या ट्रॅक्टरचा आवाज तपासा

कारखान्यांचे बॉयलर पेटायला आले की निपाणी, चिकोडी, अथणीकडचे जुने ट्रॅक्टर उसाच्या ट्रॉल्यांना जुंपले जातात. इंजिनात खटखट असेल तर ती तवंदी घाटाच्या चढणीवर कळण्यापेक्षा आत्ता शोधलेली परवडते.

आधी ऑइल. सपाट जागी इंजिन बंद करून १० मिनिटांनी डिपस्टिक काढा. ऑइल वाढलंय आणि डिझेलचा वास येतोय, तर नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारा भाग) किंवा डिझेलचा पंप गळतोय. ते दुधी दिसलं तर पाणी शिरलंय. दोन्ही वेळी इंजिन सुरूच करू नका.

मग थंड इंजिन चालू करून ऐका. गरम झाल्यावर कमी होणारी खटखट बहुधा पिस्टन-लायनरच्या झिजेची असते. हंगाम निघतो, पण ऑइल रोज पाहावं लागतं. गरम झाल्यावर वाढणारी जास्त धोक्याची.

आता मुख्य परीक्षा. मंद रेसवर एकेका नोझलच्या पाइपचा नट अर्धा फेरा सैल करा, म्हणजे त्या सिलिंडरचं डिझेल तुटतं; आवाज बदलतो का ऐका, परत आवळा. वर जाड फडकं धरा, हात लांब ठेवा. डिझेलची धार कातडीत घुसली तर जखम बारीक दिसली तरी लगेच दवाखाना गाठा.

एका सिलिंडरला तीक्ष्ण टकटक थांबली आणि धूर काळा असेल, तर नोझल शेजारच्या सिलिंडरला लावून पाहा. आवाज तिकडे गेला म्हणजे दोष नोझलचाच. बसवताना तांब्याचा वॉशर नवा घ्या. आवाज नुसता दबला आणि रेस सोडताना जास्त येत असेल, तर कनेक्टिंग रॉडच्या मेटलचा (बेअरिंगच्या पत्र्याचा) संशय घ्या.

काहीच फरक नाही? वरच्या कव्हरखाली टिकटिक असेल तर टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागातला गॅप. गॅप पुस्तिकेप्रमाणेच ठेवा; बऱ्याच जुन्या इंजिनांत तो थंड असताना ०.२५ ते ०.३० मिमी असतो. आवाज घालवायला जास्त आवळून देणारे मिस्त्री भेटतात. मग व्हॉल्व्ह नीट बसत नाही आणि जळतो. पुढून घरघर आली तर फॅनबेल्ट काढून मिनिटभरच चालवा. थांबली तर वॉटरपंप किंवा डायनामोचं बेअरिंग गेलंय.

लोड दिल्यावर खालून जड धडधड आणि ऑइलचा दिवा लुकलुकणं, ही मेन बेअरिंगची खूण. तिथेच बंद करा. घट्ट ऑइल टाकून आवाज दाबू नका. नवं मेटल आधी विकत आणू नका. क्रँकशाफ्ट मोजल्यावर, लागल्यास ग्राइंडिंग झाल्यावरच ०.२५ की ०.५० मिमी अंडरसाइज (घासून बारीक झालेल्या क्रँकसाठीचं) ते ठरतं.