तांबट बोलू लागला, पाण्याची पाळी बदला

माघ सरत आला की गोराई-मनोरीच्या वाड्यांपासून आरेच्या पाड्यांपर्यंत सकाळी एकसारखे ठोके ऐकू येतात. टुक्, टुक्, टुक्. हा तांबट पक्षी. थंडीत तो बराचसा गप्प असतो, ऊन तापायला लागलं की वडा-उंबराच्या शेंड्यावर बसून सुरू होतो. त्याच्या आवाजावरून हवामान सांगता येत नाही, तेवढ्यासाठी वेधशाळेचा अंदाजच बघावा. पण तो सलग तीन-चार दिवस ऐकू आला की मी विहिरीवर जाते आणि पाण्याचं गणित नव्याने मांडते.

‘होळी जळाली, थंडी पळाली’ असं आपण म्हणतो खरं, पण मुंबईचं ऊन होळीसाठी थांबत नाही. फेब्रुवारीत पहाटे चादर लागते आणि दुपारी पारा पस्तिशी ओलांडतो. यामागे वारा असतो. जमिनीकडून येणारे मतलई वारे दुपारपर्यंत रेंगाळले आणि दर्यावरचा खारा वारा उशिरा सुटला, की तेवढे तास शहर भाजून निघतं. सांताक्रूझला २८ मार्च १९५६ रोजी ४१.७ अंशांची नोंद झालेली आहे. म्हणून सध्या खारा वारा किती वाजता सुटतो, ते रोज बघा. दुपारी दोनपर्यंत माडाच्या झावळ्या हलत नसतील, तर त्या दिवशी रोपं लावू नका आणि खतही देऊ नका.

खाडीलगतच्या विहिरींची मला जास्त काळजी वाटते. तिथे गोडं पाणी वर तरंगतं आणि खारं खाली असतं. पंप तासभर सलग चालवला की खालचं खारं वर ओढलं जातं, मग पालकाच्या पानांच्या कडा करपतात आणि आपण रोग समजून औषध मारत बसतो. थोडा वेळ उपसा, मग विहिरीला विश्रांती, पुन्हा थोडा उपसा, असं करा. पाणी सकाळी आठच्या आत द्या. वाफ्यावर भाताचा पेंढा किंवा सुका पाला अंथरा. गच्चीवरच्या कुंड्या सिमेंटवरून उचलून विटांवर ठेवा, कारण तापलेली गच्ची मुळं शिजवते.

आंब्याकडे मात्र सावकाश बघा. पहाटे दव आणि दुपारी कडक ऊन असं चाललं असेल, तर मोहोरावर भुरी हा बुरशीचा रोग येतो. मोहोर फुलायच्या आधी पाण्यात विरघळणारं गंधक १० लिटरला २० ग्रॅम घेऊन फवारता येतं, तेही सकाळी, कारण तापलेल्या दुपारी गंधकाने मोहोर भाजतो. फुलं उमलल्यावर फवारणीचा पंप बाजूला ठेवा. झाडाखाली पाच मिनिटं उभं राहिलं की माश्यांची गुणगुण कानावर येते. शिंजीर पक्षीही एव्हाना काळाजांभळा चकचकीत झालेला असतो आणि मोहोरातले बारके किडे, कोळी टिपत डहाळीवरून डहाळीवर उड्या मारतो. फळ धरतं ते या माश्यांमुळे, त्यांच्यावर विष कसं मारायचं?

फळ वाटाण्याएवढं झालं की गळ रोखायला पाणी लागतं. मोठ्या झाडाला १५० ते २०० लिटर, पंधरा दिवसांच्या अंतराने तीन-चार वेळा, बुंध्याशी न ओतता फांद्यांच्या घेराखाली द्या. फळ गोटीच्या पुढे गेलं की साधारण २५ बाय २० सेंटिमीटरच्या कागदी पिशव्या बांधा. फळमाशी आणि पोपट दोघांपासून बचाव होतो. शेंड्यावरची दहा-वीस फळं हाताला येणारच नाहीत, ती पोपटांना सोडून द्या.

याच दिवसांत काटेसावर आणि पळसावर पळसमैनांचे थवे कलकलाट करताना दिसतील. ज्वारीच्या मुलखात त्यांना हाकलावं लागतं. आपल्याकडे ज्वारी नाही, त्या नाकतोडे खातात, आणि एप्रिलमध्ये मध्य आशियाकडे निघून जातात. त्यांना राहू द्या. खाडीतल्या रोहित पक्ष्यांवरून मात्र ऋतूचा अंदाज बांधू नका, ते मेपर्यंत चिखलात असतात. चिमण्या कोवळी लाल माठ खुडत असतील, तर दोन पानं येईपर्यंत वाफ्यावर जुनी सुती साडी ताणून बांधा. बारीक नायलॉनचं जाळं नको, त्यात पाय अडकतात.

छाटणी करण्याआधी पानं उलटून बघा. मागे एकदा वांग्याच्या कुंडीत मी वाळकं पान म्हणून कात्री लावणार, तर दोन पानांच्या कडा सावरीच्या कापसाने टाचलेल्या होत्या आणि आत बोटभर खोल शिंपी पक्ष्याचं घरटं. ती कुंडी पिल्लं उडेपर्यंत हलवली नाही. शेवग्या-पांगाऱ्याची वाळकी फांदीसुद्धा, रस्त्यावर किंवा घरावर पडण्यासारखी नसेल, तर आत्ता तोडू नका. तांबट त्यातच घरट्यासाठी ढोली कोरतो.

पक्ष्यांसाठी उथळ मातीचं भांडं सावलीत ठेवा, पाणी रोज बदला, नाहीतर डास होतात. आणि संक्रांतीचा मांजा अजून झाडांत लटकलेला असेल. येत्या रविवारी लांब काठीला आकडी बांधून तो उतरवा, बोटभर लांबीचे तुकडे करा, कागदात गुंडाळा आणि मगच कचऱ्यात टाका.