संवेदनशील क्षेत्राच्या मसुद्यावर हरकत कशी लिहावी

भीमाशंकरसारख्या अभयारण्याभोवतीच्या पर्यावरण-संवेदनशील क्षेत्राचा, म्हणजे काही कामांवर बंदी किंवा अटी असलेल्या पट्ट्याचा, मसुदा राजपत्रात आला की हरकतीसाठी 60 दिवस मिळतात. मी इथे पुण्यात आधी परिशिष्टातली गावांची यादी काढते आणि ओळखीच्या शेतकऱ्यांना फोन करते. मग मसुद्यातला कामांचा तक्ता बघते, त्यात तीन रकाने: बंदी, नियंत्रण, प्रोत्साहन. व्यापारी खाणी बंदीत असतात; हॉटेल-रिसॉर्टच्या अटी नियंत्रणाच्या रकान्यात. तो शब्दन्‌शब्द वाचा, सवलती तिथेच असतात.

नुसतं ‘जंगल वाचवा’ लिहून भागत नाही. मुद्दा क्रमांक, गाव, हवा तो बदल, कारण. शेकरूची घरटी असलेली झाडं, पाणवठे फोटोसह दाखवा. पत्र मसुद्यातल्याच पत्त्यावर, केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाला पाठवा, पोचपावती जपा.

अंतिम अधिसूचनेनंतर राज्य सरकार क्षेत्रीय बृहत् आराखडा, म्हणजे त्या पट्ट्यात कुठे काय करता येईल याची योजना, करतं. तेव्हा स्थानिकांचा सल्ला घ्यावाच लागतो. ग्रामसभेला आधीच सांगून ठेवा.